‘रोनिन’ खरंच इतका भारी आहे, की फक्त गाड्यांसाठी बघायचा?

तुम्ही विचारलंय की १९९८ सालच्या ‘रोनिन’ला कुणी सगळ्यांत खरा वाटणारा हेरपट म्हणतं, कुणी ‘स्टोरीच नाही राव’ म्हणून अर्ध्यात बंद करतं, मग ऐकायचं कुणाचं. दोघांचंही ऐका. दोघंही खरंच बोलतायत. स्टोरी पातळ आहे आणि काम पक्कं आहे. तुम्हाला कथेपेक्षा काम बघायला आवडत असेल तर हा पिक्चर तुमचा.

मी सोलापुरात मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. त्यामुळं माझं मत चाकांच्या बाजूला झुकलेलं असणार, तेवढं धरून वाचा. शेवट फोडत नाही.

गोष्ट अशी: शीतयुद्ध संपलंय आणि जुने हेर, फौजी, शस्त्रवाले बेकार झालेत. त्यातल्या काही जणांना एक आयरिश बाई पॅरिसमध्ये गोळा करते. रॉबर्ट डी नीरो, जाँ रेनो, स्टेलन स्कार्सगार्ड, शॉन बीन अशी मंडळी. काम एकच, कडक बंदोबस्तातली एक पेटी पळवायची. पेटीत काय आहे ते कुणी सांगत नाही. बास, एवढीच कथा. नाव जपानच्या धनी गेलेल्या सामुराईंवरून, म्हणजे लढवय्यांवरून घेतलंय आणि मध्ये एक म्हातारा लहान लहान सामुराई रंगवत, मेलेल्या धन्याचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस रोनिनांची हकिकत सांगतो. तो प्रसंग बऱ्याच जणांना आवडतो. मला जरा समजावून सांगितल्यासारखा वाटला, पण तो म्हातारा, मायकल लोन्सडेल, बोलतो छान.

आता ‘खरा वाटतो’ म्हणजे काय, ते अगदी पहिल्या प्रसंगात बघा. रात्रीची वेळ, पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीच्या पायऱ्या, खाली एक छोटा बार. डी नीरो सरळ आत जात नाही. आधी लांबून बघतो. मग मागच्या बाजूला जातो, मागचं दार कुठं उघडतं ते पाहतो, तिथंच आडोशाला पिस्तूल लपवून ठेवतो आणि मग पुढून गिऱ्हाइकासारखा आत शिरतो. संवाद जवळजवळ नाहीत. ज्या जागेतून बाहेर कसं पडायचं ते माहीत नाही तिथं पाऊल टाकायचं नाही, हा त्या माणसाचा सगळा स्वभाव चार-पाच मिनिटांत कळतो. लोक म्हणतात की सुरुवात स्लो आहे. स्लो आहेच. पण तो वेळ फुकट घालवलेला नाही, पुढं सगळा पिक्चर त्याच चालीनं चालतो.

शॉन बीनचं पात्र बघा. नुसत्या बाता. जेवताना, बसताना, सगळीकडं आपण काय काय केलंय ते सांगणारा. आणि शस्त्रं घेताना पुलाखाली गोळीबार झाला की याचीच तंतरते. पुढं डी नीरो त्याला कॉफीच्या कपानं अशी अद्दल घडवतो की बाकीचे बघत राहतात. शिकायला येणाऱ्यांत मी हे रोज बघतो. ‘मला गाडी येते, फक्त लायसन्स पाहिजे’ म्हणणारा हमखास आरटीओच्या ट्रॅकवर आठ काढताना गाडी बंद पाडतो.

आता गाड्यांकडं येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच दिसतोय.

दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर. या माणसानं १९६६ साली फॉर्म्युला वन या मोटर शर्यतीवर ‘ग्रांप्री’ काढला होता, त्यामुळं वेगात कॅमेरा कुठं बांधायचा हे त्याला तीस वर्षं आधीपासून ठाऊक होतं. ‘रोनिन’मधले पाठलाग खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या गाड्यांत, खऱ्या वेगानं घेतलेत. दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहराच्या जुन्या गल्ल्या आणि पॅरिसचे रस्ते. स्टंट ड्रायव्हरांत जाँ-पिएर जारिए हा फॉर्म्युला वनचा माजी ड्रायव्हरसुद्धा होता.

पण मला सगळ्यांत आवडलेली युक्ती वेगळी आहे. फ्रान्समध्ये स्टेअरिंग डावीकडं. यांनी काही प्रसंगांसाठी उजव्या स्टेअरिंगच्या गाड्या आणल्या, म्हणजे आपल्याकडं असतात तशा. उजवीकडं बसून खरा ड्रायव्हर गाडी मारतोय आणि डावीकडं नट खोटं स्टेअरिंग धरून बसलाय. आपल्या हिशेबानं हिरो क्लीनरच्या सीटवर! माझ्या शिकवायच्या गाडीत हेच उलटं असतं: शिकणारा उजवीकडं स्टेअरिंग धरून, मी डावीकडं, आणि माझ्या पायाखाली क्लच-ब्रेकचे जादा पेडल. शिकणाऱ्याला वाटतं आपणच चालवतोय. त्यामुळं पडद्यावर नटांचे चेहरे बघताना मला त्यांची पूर्ण कल्पना येते. समोरून अंगावर ट्रक येतोय, गाडीचा ताबा आपल्याकडं नाही, आणि तोंड मात्र सराईत ड्रायव्हरचं ठेवायचंय. ती आयरिश बाई झालेल्या नताशा मॅकएलहोनचे डोळे बघा, पॅरिसच्या पाठलागात बोगद्याच्या आसपास. तिथं फार अभिनय करावा लागला असेल असं मला वाटत नाही.

नीसच्या पाठलागात ऑडी एस८ आहे. लांबलचक, जड सेडान गाडी, पण इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. वळणातून बाहेर निघताना ती कशी खेचत सुटते ते बघा. दुसरी मर्सिडीज ४५० एसईएल ६.९, ही तर सत्तरच्या दशकातली गाडी. नव्या गाड्या सोडून ही म्हातारी कशाला घेतली, असं काही जण विचारतात. ६.९ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आहे हो तिच्यात! कामावर जाणारा माणूस मॉडेलचं साल बघत नाही, गाडी काय ओढते ते बघतो. पथकातला ड्रायव्हर लॅरी गाडीची मागणी करतो ना, तो प्रसंग याच थाटाचा आहे.

पॅरिसचा पाठलाग सगळ्यांच्या तोंडी असतो. पुढं बीएमडब्ल्यू ५३५आय, मागं डी नीरोची प्यूजो ४०६. यावर लोकांची नेहमीची तक्रार, की बीएमडब्ल्यूला प्यूजो गाठेल कशी? मोकळा हायवे असता तर नसतीच गाठली. पण हा पाठलाग भर ट्रॅफिकमध्ये आहे आणि तिथं ताकदीपेक्षा फट आधी कुणाला दिसते ते महत्त्वाचं. बाळीवेशीतून संध्याकाळी टिळक चौकाकडं गाडी काढलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. आणि नीट बघितलंत तर दोन गाड्या दोन तऱ्हेनं वळतात. बीएमडब्ल्यूची ताकद मागच्या चाकांना, म्हणून वळणात तिचं ढुंगण बाहेर जातं. प्यूजो पुढच्या चाकांवर ओढते, त्यामुळं जास्त वेगात वळवली की नाक सरळच जायला बघतं आणि ड्रायव्हरला ॲक्सिलरेटर सोडून ती आत घ्यावी लागते. कॉम्प्युटरवर काढलेल्या गाड्यांत हे दिसत नाही. तिथं सगळ्या गाड्या सारख्याच घसरतात, वजनच नसतं त्यांना. इथं कचकन ब्रेक मारला की बॉनेट खाली बसतं, मागची बाजू हलकी होते, टायर ओरडतो. हे शिकवताना मी घसा कोरडा करतो आणि हा पिक्चर एका मिनिटात दाखवतो.

मग ते राँग साइड. आपल्याकडं राँग साइडनं दूधवालाही येतो, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण समोरून येणाऱ्या गाड्यांतले ड्रायव्हर बघा. कुणी डावीकडं दाबतो, कुणी नुसता ब्रेकवर उभा राहतो, कुणी शेजारच्याला घासतो. प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेनं घाबरतो. बहुतेक सिनेमांत बाजूच्या गाड्या उडवायला ठेवलेल्या असतात. इथं त्या गाड्यांत माणसं बसलेली वाटतात. कॅमेरा बंपरच्या उंचीला असल्यामुळं रस्ता अंगावर येतो, आणि इंजिनांचे आवाज एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात. टीव्हीच्या स्पीकरवर बघू नका, हेडफोन लावा. रंगही मुद्दाम फिके ठेवलेत, भडक कपडे कुणाच्या अंगावर नाहीत, सगळं पावसाळी दिवसासारखं.

हा पिक्चर मी एका रविवारी आमच्या घरी काही जणांना दाखवला होता. मतं ऐका, तुम्हाला अंदाज येईल.

आमच्या गाड्यांचं काम बघणारा मिस्त्री पाठलाग चालू असताना पुढं सरकून बसला होता आणि माणसं बोलायला लागली की मागं टेकायचा. शेवटी उठून म्हणाला, “मास्तर, सगळं झालं, पण पेटी उघडलीच नाही की ओ.” ही तक्रार सगळीकडं सापडते आणि मला ती पटत नाही. ही भाड्यानं घेतलेली माणसं आहेत. आणा म्हटलं की आणायचं, आत काय आहे ते विचारायचं नाही. पेटी उघडून हिरे किंवा कुठला फॉर्म्युला दाखवला असता, तर मिस्त्री खूश झाला असता आणि पिक्चर दहा वर्षांत शिळा झाला असता. हां, त्या पेटीसाठी इतकी माणसं मरतात हे पचवायला मात्र जड जातं, तिथं त्याची बाजू घेईन.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला पहिला अर्धा तास झोप आली. “मामा, हे नुसते बसून बोलतायत बे!” पॅरिसचा पाठलाग आला तेव्हा मोबाईल बाजूला ठेवला, आणि मग तोच तुकडा परत लावायला सांगितला. त्याच्या वयाच्या पोरांचं मत साधारण असंच असतं: शेवटचे पाऊण तास जबरदस्त, आधीचं कापा. मी म्हणतो कापू नका, कारण गाडीत कोण बसलंय ते माहीत नसेल तर पाठलाग म्हणजे नुसती धूळ.

सगळ्यांत अचूक बोलली आमची मंडळी. तिला मारामारीत रस नाही, चहा करताना येता-जाता बघत होती. म्हणाली, “अहो, यांच्यात कुणाचा कुणावर विश्वासच नाही, तरी सगळे वेळेवर येतात.” बघा म्हणजे झालं. मैत्री नाही, देशभक्ती नाही, फक्त कामाची शिस्त. डी नीरो आणि रेनो यांच्यात हळूहळू जे जमतं ते म्हणूनच पटतं. डी नीरो जखमी झाल्यावर स्वतःच्या पोटातली गोळी आरशात बघत रेनोकडून काढून घेतो, तो प्रसंग बघताना ती मात्र स्वयंपाकघरात निघून गेली.

‘खरा’ या शब्दावर फार विसंबू नका मात्र. माणसं माग कसा काढतात, पर्यटकाचं सोंग घेऊन फोटो कसे काढतात, पेटी अदलाबदल कशी होते, हे पटतं. पण भर रस्त्यात गाडीच्या छतातून वर येऊन रॉकेट लाँचर मारायचा, बाजारातली माणसं पटापट पडायची आणि पोलीस मात्र फारसे कुठं दिसत नाहीत? पॅरिससारख्या शहरात इतका धिंगाणा झाल्यावर हे लोक दुसऱ्या दिवशी निवांत कॉफी पितात. तिथं सरळ सिनेमा आहे. आणि बाजूनं जाणारी साधी माणसं ज्या सहजतेनं मारली जातात, ते मला खटकतंच. शेवटचा आइस स्केटिंगचा भाग तर घाईत उरकल्यासारखा वाटतो. बर्फावर नाचणारी ती कातारिना विट, १९८४ आणि १९८८ ची खरीखुरी ऑलिंपिक विजेती, पण तिच्या वाट्याला काहीच काम दिलेलं नाही. जोनाथन प्राइसचा खलनायकही कागदीच. नुसता चिडलेला.

संवाद मात्र कान देऊन ऐका. पटकथेवर डेव्हिड मॅमेट या नाटककारानं हात फिरवलाय, पडद्यावर नाव मात्र रिचर्ड वाइझ असं टोपण लावलंय. नाटकवाल्याचा हात जाणवतो. माणसं प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देतात आणि महत्त्वाचं ते बोलायचं टाळतात. म्हणून हिंदी डब सापडला तरी घेऊ नका, मूळ इंग्रजी लावून खाली सबटायटल ठेवा. डबिंगमध्ये सगळे एकाच आवाजात ओरडतात आणि नेमकी ती टाळाटाळ निघून जाते.

साधारण दोन तासांचा आहे. लहान पोरं घरात असतील तर ती झोपल्यावर लावा. मध्ये एका खेळायच्या मैदानात लहान मुलीवर पिस्तूल रोखलंय, तो प्रसंग त्यांनी बघावा असा नाही. आणि फक्त पाठलागच बघायचे असतील तर निदान नीस आणि पॅरिस हे दोन सलग बघा, तुकडे तुकडे करून नको. पॅरिसचा पाठलाग सुरू झाला की कोण पुढं आहे यापेक्षा गाड्यांच्या मागच्या चाकांवर नजर ठेवा.