चहात मिसळून देऊ का?

पिशवीतून आधी आधारकार्डाची झेरॉक्स निघाली, मग नवऱ्याचं लष्कराचं डिस्चार्ज बुक, मग पेन्शनचे कागद, आणि सगळ्यात तळाशी रुमालात गाठ मारून बांधलेली प्लॅस्टिकची एक डबी. आत पिवळसर पूड. डबीवर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता. पुडीत काय आहे ते मात्र कुठेच छापलेलं नव्हतं.

"मॅडम, ही चहात मिसळून द्यायची म्हणत्यात. वास न्हाई, चव न्हाई. एकवीस दिवसांत दारू सुटती म्हणं. २,८०० ला घेतली. देऊ का?"

व्यसनमुक्तीच्या कामात मला २३ वर्षं झाली. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं मुख्यत्वे सातारा, सांगली भागातल्या माजी सैनिकांमध्ये गेली. या काळात सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेला प्रश्न हाच. शेतमजूर बाई विचारते, शाळेतल्या बाई विचारतात, एकदा तर एका नर्सनेच विचारलं. फौजी घरांतून तो जरा जास्त येतो, कारण तिथे नवऱ्यासमोर उभं राहून 'तुम्ही जास्त पिताय' म्हणायची सोय नसते. या बाईंची आणि त्यांच्या यजमानांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. गाव, वर्षं आणि नातीगोती बदलली आहेत.

मी नाही म्हटलं. डबी बाजूला ठेवली आणि त्यांना माझीच एक चूक सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या एका केंद्रात होते. तिथे एका बाईंनी मला सांगितलं होतं की, त्या डिसल्फिरमची गोळी कुटून नवऱ्याच्या भाजीत घालतात. मेडिकलवाल्याने ओळखीवर दिली होती. मी हो-नाही काहीच बोलले नाही. त्यांचं सगळं करून थकलेलं तोंड बघून गप्प बसले. हे औषध दारू आवडेनाशी करत नाही. शरीरात दारूचं विघटन होताना अॅसिटाल्डिहाइड नावाचा घटक तयार होतो. तो पुढे मोडायचं काम ही गोळी अडवते, आणि मग वर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असेल तर जीवावर बेततं. गोळी पोटात आहे हे ज्याला माहीत असतं तो प्यायचं टाळतो, औषधाचा सगळा उपयोग तेवढाच. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा पितो. तो गृहस्थही प्यायला. एसटी स्टँडवर कोसळला, वाचला. खरं काय ते कळल्यावर पुढची तीन वर्षं तो बायकोच्या हातचं जेवला नाही. वडापाव खाऊन राहायचा, घरात पाणीसुद्धा स्वतः ओतून घ्यायचा.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मग उचलून न्हेणारी गाडी असती ती बोलवू का?"

तेही नाही. दारूचं व्यसन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात येतं. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायला त्या कायद्याच्या अटी आहेत, डॉक्टरांची तपासणी लागते. चार पैलवान आणून जीपमध्ये कोंबणं त्यात बसत नाही. आणि खरं सांगायचं तर अपशिंगे मिलिटरी या गावाच्या पंचक्रोशीत एका फौजीला गावासमोर असं उचललं, तर तो घरी परत येईल, पण माणसांत येणार नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. या पट्ट्यात 'फौजी' हा शब्द किती वजनाने उच्चारतात ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. शिपाई असो की सुभेदार, पेन्शन आलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर'च म्हणतं.

या बाईंचे मेजर प्रत्यक्षात हवालदार. २००१ ला भरती, २०१८ ला पेन्शन आले. वय वर्षं ३७. सिव्हिलमध्ये ज्या वयात माणसाला पहिलं बरं प्रमोशन मिळतं, त्या वयात हे घरी. पुण्यात एका एटीएमवर आठ महिने गार्डची नोकरी केली आणि सोडली. सुपरवायझर चोवीस वर्षांचा, आणि तो यांना 'ए काका' म्हणायचा.

"पण तमाशा कधी न्हाई हो मॅडम. घड्याळ लावून पित्यात. सातला बसायचं, नऊला उठायचं. स्टीलचं माप हाय, त्यानं मोजून चार. म्हणून मला कळंना, ह्याला यसन म्हणायचं का न्हाई."

६० मिलीचे चार म्हणजे २४० मिली. आपल्याकडची रम बहुतेक ४२.८ टक्क्यांची. हिशेब केला तर रोज ८० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. माप स्टीलचं असलं म्हणून यकृताला ते कमी लागत नाही. पण मी त्या आकड्यापाशी थांबले नाही. मला थांबवलं ते त्यांच्या पुढच्या, सहज बोललेल्या वाक्याने: "आन सकाळी दाढीच्या येळंला एक बारका. हात हालतो ना, ब्लेड लागतं."

सकाळचा तो बारका म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाने घरच्या घरी, शपथ घालून, देवाची माळ घालून एका दिवसात दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, जवळची माणसं ओळखू येत नाहीत, आणि यात माणसं दगावतात. कितीतरी घरांत याला 'बाहेरचं लागलं' म्हणून लिंबू उतरवत बसतात. म्हणून बाईंना बजावलं की बाटल्या ओतू नका, लपवू नका. सोडवायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली.

मग त्यांना आणायचं कसं? मी विचारलं, त्यांना स्वतःला कशाचा त्रास होतो? तुम्हाला नाही, त्यांना. बाई क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, झोपेचा. रात्री दोनला जाग येते ती येतेच. मग कड्या तपासतात, गोठ्याला एक चक्कर मारतात, ओट्यावर बसून राहतात. दारूने झोप लवकर लागते आणि रात्रीच्या उत्तरार्धात मोडते, हे पिणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं, झोप येत नाही म्हणून मी पितो. बाईंना म्हटलं, सकाळी, चहानंतर, एवढंच बोला: 'झोपेसाठी एका ठिकाणी जाऊन येऊ. तिथं दारूचंही विचारतील.' दुसरं वाक्य गाळायचं नाही. नाहीतर ही पण पुडीच झाली.

ते अकराव्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, बुटांना आरसा दिसेल असं पॉलिश, आणि खुर्चीच्या काठावर ताठ. पाठ टेकवली नाही. "झोपेचं बघा मॅडम. बाकी सब ठीक."

आता माझी दुसरी चूक. माजी सैनिक, काश्मीरमधली दोन टेन्युअर, म्हणजे नेमणुका, रात्री दोनला उठून पहारा. मी मनातल्या मनात फाइल लिहूनच टाकली होती. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अनुभवांनी रेटा दिला आणि १९८० मध्ये आघातोत्तर तणावाचा आजार मानसोपचारांच्या पुस्तकात आला. तेव्हापासून आम्हा मंडळींना सैनिक दिसला की आतला बॉम्बस्फोट शोधायची सवय लागली आहे. अनेकांच्या बाबतीत तो असतोही. मी तीन बैठका गोळीबार, मेलेला साथीदार, स्वप्नं असं हळूहळू खणत होते. ते 'येस मॅडम, नो मॅडम' करत होते. तोवर दाखल होऊन आठवडा झाला होता. डॉक्टरांनी औषधांवर थरथर उतरवली होती, थायमिन हे जीवनसत्त्व चालू होतं, झोप चार तासांवर आली होती. बोलणं मात्र पुढे सरकत नव्हतं.

ते सरकलं केंद्राच्या स्वयंपाकघरात. त्या दिवशी भात चिकट झाला होता आणि जेवताना ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाणी जादा." मी विचारलं, तुम्हाला काय कळतं त्यातलं? त्यांनी ताटातून मान वर केली नाही. "मॅडम, मी सतरा साल लंगरमध्ये होतो."

ते कुक होते. सतरा वर्षं. पंधरा हजार फुटांवर पाणी पंच्याऐंशीच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजतच नाही, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांची पाठ खुर्चीला टेकली. बर्फ वितळवून पाणी करायचं, स्टोव्ह रुसला की पहाटे तीनला त्याची पिन साफ करायची, पहिली चहाची केतली चारला पोस्टवर. रात्री दोनला उठायची सवय पहाऱ्याची नव्हतीच. ती कणीक मळायची होती.

बाकीचं आणखी चार दिवसांनी आलं. पेन्शन आल्यावर पहिल्याच १५ ऑगस्टला शाळेने बोलावलं. शाल, नारळ, दोन शब्द. एका पोराने विचारलं, "मेजर, तुम्ही शत्रू किती मारले?" मुख्याध्यापक हसले, सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. यांच्या तोंडातून निघून गेलं: "सहा."

"मग मॅडम, दर साल तेच सहा. पोरगं माझं त्याच शाळेत. ते वर्गात सांगतं."

त्या खोट्यामुळे ते पीत होते असं मी म्हणणार नाही. पिणं आधीपासून होतं, युनिटमधल्या बडा खान्यापासूनचं, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र मेजवानीपासूनचं, आणि वाढलं ते रिकामपणात. पण दारू खाली ठेवायला माणसाच्या मनात जी जागा लागते, ती त्या सहा जणांनी अडवून धरली होती. ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की चाराचे सहा पेग व्हायचे. बायकोला तो पावसाळ्याचा परिणाम वाटायचा.

यावर मी उपदेश केला नाही. गावात जाऊन खरं सांगा असंही म्हटलं नाही. ते म्हणणं सोपं असतं, तिथे राहायचं त्यांना असतं. बायकोला सांगावं असं त्यांनाच वाटलं, आणि त्यांनी माझ्यासमोर सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला ठाव हाय की. लग्नात तुमच्या साहेबानंच सांगितलं हुतं, तुमचा नवरा झकास रोट्या करतो." घरात मात्र सात वर्षांत त्यांनी एक रोटी लाटली नव्हती.

खरी रस्सीखेच झाली ती लष्करी कँटीनच्या कार्डावरून. माझ्या अनुभवात माजी सैनिकांच्या दारूमुक्तीत सगळ्यात अवघड गाठ हीच असते, आणि बाहेरच्या समुपदेशकांना ती दिसत नाही. कार्डावर दरमहा दारूचा ठरावीक कोटा मिळतो, बाजारापेक्षा बराच स्वस्त. ती बाटली दुसऱ्याला द्यायची नाही असा नियम आहे, आणि तो गावोगाव कसा पाळला जातो ते गावोगाव ठाऊक आहे. सातबाऱ्याचं काम असलं की एक बाटली. मेहुण्याच्या पोराची हळद, दोन बाटल्या. म्हणजे मेजर फक्त पीत नव्हते. बाटली ही त्यांची गावातली पत होती. "कोटा बंद केला तर मॅडम, मला विचारणार कोण?" मला याचं तयार उत्तर सुचलं नाही. शेवटी त्यांनीच ठरवलं: कार्डावर किराणा आणायचा, दारू उचलायची नाही, आणि मागणाऱ्याला 'डॉक्टरनं बंद केली' एवढंच सांगायचं. पहिल्या महिन्यात दोन जण बोलायचे बंद झाले. एक सख्खा चुलतभाऊ.

आणि गोळी? तीच, डिसल्फिरम, त्यांनी पुढे घेतली. यकृताच्या आणि हृदयाच्या तपासण्या करून, मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिल्यावर, स्वतःच्या सहीने. रोज सकाळी चहाबरोबर, बायको समोर बसलेली. ते याला 'रोल कॉल' म्हणायचे. त्याआधी दोघांना समजावून दिलं होतं की खोकल्याची काही औषधं आणि टॉनिकं यांतही अल्कोहोल असतं, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. पुडीतून चोरून जे करायचं होतं तेच आता उजेडात होत होतं. बाईंना हे एकदा म्हणून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मग माझे २,८०० कोण देणार?"

पाचव्या महिन्यात ते घसरले. यात्रेत. आधी पंधरा दिवस गोळी बंद केली होती, म्हणजे बेत शिजवूनच. तीन दिवस प्याले, चौथ्या दिवशी स्वतः फोन केला. आवाजात रडं होतं. मी विचारलं, सकाळचा बारका सुरू झाला का? नाही म्हणाले. मग उद्याच या, उशीर नको. आले. त्या दिवसापासून बाई दर शनिवारी कुटुंबीयांच्या गटाला यायला लागल्या. नवऱ्यासाठी नव्हे, त्यांना स्वतःला रात्री झोप लागेना म्हणून. पहारा देणारं माणूस आता घरात बदललं होतं. कुणाला जवळपास केंद्र नसेल तर सरकारची १४४४६ ही नशामुक्ती हेल्पलाइन मोफत आहे, आणि तिथे घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

गेल्या १५ ऑगस्टला शाळेचं बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत, ताप आहे म्हणून कळवलं. ताप नव्हता. मी त्यावर काही बोलले नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी सातला फोन. मागे कँटीनच्या रांगेचा गलका. "मॅडम, दहा लिटरचा कुकर घेतोय. गावच्या सप्त्यात भाताचं मी बघणार आहे, चारशे पान आहे. तुम्हाला काही आणू का? साबण, चहापत्ती?"

नको म्हटलं.

"चहापत्ती तरी?"



"नको हो मेजर."

"हवालदार, मॅडम," ते म्हणाले, आणि रांग पुढे सरकली म्हणून फोन ठेवला.