डिसेंबरातली म्हादई आणि पंचांग

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही घरच्या मंडळींनी सत्तरीत म्हादईवर राफ्टिंग केले आणि त्या नदीने सर्वांना वेड लावले. आता डिसेंबरात पुण्याहून माझे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुले (वय १२ आणि १५) येत आहेत. वाळपईजवळ कयाक पाण्यात सोडून तीन दिवसांत वल्हवत पणजीला पोहोचावे, असा दिरांचा विचार आहे. आम्हां सर्वांना पोहता येते, मात्र वल्हवण्याचा सराव कुणालाच नाही. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत आणि एखादा दिवस त्यांनाही यायचे आहे. नदीला तेव्हा पुरेसे पाणी असेल का आणि कोणता टप्पा निवडावा? म्हादईचे पाणी वळवण्याच्या कर्नाटकाच्या कळसा-भंडुरा योजनेच्या वादामुळे पाणी आधीच कमी झाले आहे, असेही कुणी सांगतात. — एक वाचक, फोंडा

उत्तर : वाळपईजवळ पुरेसे पाणी नसेल, आणि आराखड्यातला हा पहिला दिवस मुळातच वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खानापूर तालुक्यातल्या देगावच्या परिसरात उगम पावणारी म्हादई सर्वस्वी पावसावर जगते. उन्हाळ्यात बर्फ वितळून तिला पाणी येण्याचा प्रश्नच नाही. गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. राफ्टिंगचा हंगामही म्हणूनच पावसाळ्यापुरता असतो. परतीचा पाऊस ओसरला की जांभ्या दगडात आणि घाटाच्या झऱ्यांत साठलेले पाणी हळूहळू झिरपत नदीला पुरवले जाते. डिसेंबरात तुमची राफ्ट जिथे उसळली होती तिथे काळे कातळ उघडे पडलेले असतात, त्यांच्यामधून घोट्या-गुडघ्याएवढे स्वच्छ पाणी खळाळत असते आणि मधेच एखादी खोल कोंड लागते. पाहायला ती नदी ऑगस्टातल्या नदीपेक्षा कणभरही कमी सुंदर नसते, पण तिच्यात कयाक घातली तर वल्हवणे थोडे आणि होडी खांद्यावर वाहणे फार, असा प्रकार होईल.

कळसा-भंडुऱ्याचा वाद गंभीर आहे. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु डिसेंबरात वरच्या पात्रात कातळ दिसतात ते नदीच्या पावसाळी स्वभावामुळे, आणि हा वाद उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून ते तसेच दिसत आलेले आहेत.

वरच्या टप्प्यात दुसरीही एक अडचण आहे आणि ती धोक्याची आहे. पावसाळा संपला की नद्यांवरच्या बंधाऱ्यांना फळ्या किंवा झडपा बसवून शेतीसाठी आणि पिण्यासाठी पाणी अडवतात. दाबोसचा जलशुद्धीकरण प्रकल्प म्हादईवर आणि ओपाचा खांडेपार नदीवर अवलंबून आहे. अडवलेल्या पाण्याच्या बाजूने येणाऱ्या नवशिक्याला बंधारा दिसतच नाही, कारण पाण्याचा पृष्ठभाग सपाट आणि शांत असतो आणि पलीकडे पडणाऱ्या पाण्याचा आवाजही वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून असतो. बंधाऱ्यावरून ओसंडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरत राहते आणि त्यात सापडलेल्या माणसाला किंवा होडीला ते पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. उंची कमरेएवढी असली तरी हे पाणी जीव घेऊ शकते. बंधारा दिसला की बऱ्याच अलीकडे काठाला लागावे आणि होडी उचलून जमिनीवरून पलीकडे न्यावी, याला पर्याय नाही. शिवाय नदीचा काही भाग १९९९ साली जाहीर झालेल्या म्हादई अभयारण्यातून जातो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही. म्हणून सत्तरीचा दिवस ठेवायचाच असेल तर तो पायी ठेवा : सोनाळच्या बाजूला काठाने हिंडा, कोंडीत पाय सोडून बसा, मुलांना ऑगस्टातल्या पाण्याची खूण झाडांच्या बुंध्यांवर आणि फांद्यांत अडकलेल्या पालापाचोळ्यावर दाखवा. डोक्यावरच्या फांदीत अडकलेले ते गवत पाहिले की नदी कुठून कुठे उतरली आहे ते मुलांना न सांगता कळेल.

आता वल्हवायचे कुठे, तर गांजे गावाच्या खाली. खालच्या अंगाला म्हादईलाच मांडवी म्हणतात. समुद्राच्या भरतीचा परिणाम मांडवीत मुखापासून साधारण गांजेपर्यंत जाणवतो. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडवी-जुवारीच्या भरती-ओहोटीचा बारकाईने अभ्यास केलेला आहे. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की भरती आत शिरताना सुरुवातीच्या बहुतेक अंतरात फारशी मंदावत नाही. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, पाण्याच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो एक मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतो. याचा अर्थ असा की गांजेच्या वर नदी पावसाची आहे आणि गांजेच्या खाली, निदान हिवाळ्यात, ती समुद्राची आहे. पाऊस कधीच थांबलेला असला तरी इथे दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. तेव्हा सहलीची तारीख ठरवताना पर्जन्यमानाचे आकडे बाजूला ठेवावेत आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी पाहावी.

किनाऱ्यावरची जुनी मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. हा आडाखा ढोबळ आहे. त्यावर चहाची वेळ ठरवायला हरकत नाही, होडी मात्र मुरगाव बंदराचे भरतीचे वेळापत्रक पाहूनच सोडावी आणि दिवाडी बेटाच्या आसपास भरती मुखापेक्षा तासभर उशिरा पोहोचते हे लक्षात ठेवावे. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, एवढे लक्षात राहिले तरी तीन दिवसांचे गणित सुटते.

तुमच्यासारख्या नवख्या कुटुंबाला मी दशमी ते द्वादशी हे तीन दिवस सुचवीन, शुद्ध पक्षातले किंवा वद्य पक्षातले कोणतेही. अष्टमीनंतर भांगाचे दिवस नुकतेच सरत असतात, त्यामुळे प्रवाहाला जोर कमी असतो. भरतीचा शेवट सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येतो, म्हणजे उजाडल्यावर चढत्या पाण्याबरोबर वरच्या अंगाला जावे, पाणी थबकले की थांबून खावे-प्यावे आणि सुकती (ओहोटी) लागली की तिच्यावर परत यावे. जाताना आणि येताना दोन्ही वेळा नदीच तुम्हांला ढकलते. एकादशीचा उपवास असणाऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी कोरड्या डब्यात घ्यावी. उपाशी पोटी वल्हे चालवणे पुण्याचे असले तरी शहाणपणाचे नाही. पौर्णिमा-अमावास्या शक्यतो टाळावी. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भरती संपते आणि परतीच्या वेळी उधाणाची जोरदार ओहोटी नेमकी दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला सामोरी जाते. वाऱ्याविरुद्ध धावणाऱ्या पाण्यावर आखूड, टोकदार लाटा उठतात आणि त्यांत लहान मुले घाबरतात. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून हलका असतो आणि दुपारी समुद्राकडून जोर धरतो. म्हणून कोणत्याही तिथीला अकराच्या आत काठाला लागावे, हा माझा नियम आहे.

हा नियम मी पुस्तकातून शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी दिवाडीच्या मागच्या एका अरुंद फाट्यात बगळे पाहत मी वेळेचे भान विसरलो आणि सुकती लागली. दहा मिनिटांत होडीखालचे पाणी पसरट झाले, वीस मिनिटांत ती चिखलावर बसली. उतरून ढकलावी म्हणून पाय खाली टाकला तो मांडीपर्यंत आत गेला आणि चप्पल तिथेच राहिली. मुकाट्याने पुन्हा होडीत बसलो. आजूबाजूला चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, खारफुटीच्या मुळांतून टकटक, चुटचुट असे आवाज येत होते आणि पाणी परत येईपर्यंत कितीतरी तास माझ्याजवळ अर्धी बाटली पाणी आणि दोन केळी होती. तेव्हा एक गोष्ट मुलांना घरीच बजावून ठेवा : होडी चिखलात रुतली तर उतरायचे नाही.

टप्प्यांविषयी बोलायचे तर पहिल्या दिवशी दिवाडी आणि नार्वे यांच्यामधले पाणी घ्यावे. जुने गोवे येथून फेरीबोटीने गाडीसह दिवाडीला उतरता येते. सासूबाईंना हाच दिवस सोयीचा पडेल : त्या फेरीबोटीने येऊन काठावर बसतील, आणि पाणी थबकलेले असताना रुंद, वरून उघड्या, दोन आसनांच्या कयाकमध्ये पुढच्या जागेवर त्यांना पाव तास काठाकाठाने फिरवून आणता येईल, मात्र मागे वल्हे जाणत्याच्या हातात हवे. पहाटे धुके असेल तर ते विरेपर्यंत पाण्यात उतरू नये, कारण फेरीबोट धुक्यात तुम्हांला पाहू शकत नाही. फेरीबोट दिसली की थांबावे आणि ती गेल्यावर तिच्या मागून ओलांडावे.

या भागात सर्वांत फसवी जागा म्हणजे खाजनाची, खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीची, मानस. खाजनाच्या बांधातली ही लाकडी झडपांची वाट भरती-ओहोटीबरोबर उघडते आणि मिटते. सुकतीला आतले पाणी तिच्यातून जोराने बाहेर पडते आणि जिथे भरतीचे पाणी आत घेतात तिथे ते तितक्याच जोराने आत ओढले जाते. पाहायला ती सुरेख असते, पण होडीतून तिच्या तोंडाशी जाऊ नये. बांधावर चढून पाहावी.

दुसरा दिवस वळवईच्या पट्ट्यासाठी ठेवावा. तिथे दोन्ही काठांना माड-पोफळीची कुळागरे उतरलेली आहेत आणि नदी बरीच निवांत आहे, फक्त खनिज वाहणाऱ्या बार्जेस येत असतील तर त्यांच्या लाटेसाठी काठाजवळ राहून होडीचे नाक लाटेकडे वळवावे. तिसरा दिवस वर म्हटल्याप्रमाणे सत्तरीत पायी घालवावा. पणजीपर्यंत वल्हवत येण्याचा हट्ट दिरांनी सोडावा हे उत्तम. कॅसिनोच्या बोटी, जलविहाराच्या लाँचेस आणि फेरीबोटी यांच्या गर्दीत शिरून पाहण्यासारखे काही नाही, जे आहे ते मिरामारच्या रस्त्यावरूनही दिसते.

होड्या भाड्याने घेताना पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेल्याच व्यावसायिकाकडून घ्याव्यात आणि लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे आहे की नाही ते तिथेच अंगावर घालून, खांद्याला धरून वर ओढून पाहावे. कानापर्यंत सरकले तर ते निरुपयोगी आहे. हिवाळ्यात खारे पाणी फार आतपर्यंत येते, म्हणून पिण्याचे पाणी माणशी दोन लिटर तरी सोबत हवे. फोन पाण्यापासून जपण्याच्या पिशवीत, आणि काठावर थांबणाऱ्या एकाला परतीची वेळ सांगून ठेवलेली.

प्रश्न : कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत असे ऐकतो. तिथे कयाकने जावे का? — एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : मगरी आहेत, आणि जाऊ नये. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या सुमारे पंधरा किलोमीटरच्या या कालव्यात मगरींची वस्ती जुनी आहे, आणि हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी त्या उन्हासाठी चिखलाच्या काठावर येऊन पडतात, त्यामुळे दिसण्याची शक्यता याच दिवसांत अधिक. मात्र कयाक पाण्याच्या पातळीला टेकलेली असते आणि पिल्ले किंवा घरटे जवळ आहे हे आपल्याला वरून कळत नाही. मोठ्या यांत्रिक होडीतून, माहीतगार माणसाबरोबर, अंतर राखून पाहावे. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हुसकावणे हा गुन्हा आहे. जमल्यास पौष अमावास्येला बोरी-दुर्भाटच्या बाजूला जा. तिथे शेतकरी चिखलाचा माणगा (मगर) थापून त्याची पूजा करतात. तोही काठावरूनच पाहायचा असतो.

प्रश्न : पंपाने फुगवायची कयाक स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : गोड्या पाण्याच्या तळ्यासाठी घ्या. खाडीत खांबांना, मानशीच्या दगडांना आणि खारफुटीच्या मुळांना कालवे (शिंपले) चिकटलेली असतात आणि त्यांची कड पात्यासारखी धारदार असते.