कळा सुरू झाल्यावरच निघायचं का?

प्रश्न: ताई, वहिनीला नववा लागलाय, नर्सताई म्हणतात हॉस्पिटलजवळच्या प्रतीक्षागृहात (तारीख जवळ आली की गरोदर बायकांनी येऊन राहायचं घर) येऊन राहा, पण घरचे म्हणतात कळा आल्या की नेऊ, आधीपासून कशाला? हिची पहिली दोन्ही बाळंतपणं घरीच झाली. काय करावं?

उत्तर: अगं पाठवच तिला! कळा काय वेळ सांगून येत नाहीत, आणि गाडी शोधण्यात नि रस्ता कापण्यात जो वेळ जातो ना तोच जिवावर बेततो. बाळंतपणानंतर जोरात रक्तस्राव सुरू झाला तर 2 तासांतसुद्धा बाई दगावू शकते, आणि तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, पहिली बाळंतपणं सुखरूप झाली असली तरी. हॉस्पिटलमध्ये बाळ बाहेर आल्या आल्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, त्याने हा धोका बराच कमी होतो. लांबच्या गावांतल्या बायकांसाठी हॉस्पिटलजवळ अशी प्रतीक्षागृहं असावीत असं जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सांगते.

साधारण तारखेच्या 2-3 आठवडे आधी जायचं, जुळं, आधीचं सिझर किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून अजून लवकर. मोठ्या मुलांकडे कोण बघणार ते मात्र आत्ताच ठरवा, त्याच काळजीने बायका मधूनच घरी परततात. तिथे डोकं ठणकलं, अंगावरून पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच सांगायचं, रात्र असली तरी.