कादंबरी लिहिताना पात्रांचे स्वभाव आधीच ठरवावेत, की ते लिहिता लिहिता सापडतात?

तुम्ही विचारलंय की पहिली कादंबरी 40 पानांवर आली आहे, पात्रांच्या स्वभावाचा तक्ता करून सुरुवात केली होती, तरी सगळी एकाच माणसासारखी बोलतात. तर तो तक्ता फेकावा की आणखी बारकाईनं भरावा?

माझं मत विचाराल तर नाव, वय, गाव, नातं एवढं ठेवा आणि ‘तापट’, ‘प्रेमळ’, ‘कंजूस’ ही विशेषणं खोडून टाका. त्या जागी हा माणूस पोटासाठी काय करतो आणि त्या कामानं त्याच्या शरीराचं काय केलंय, ते लिहा. आवडता रंग, आवडता पदार्थ वगैरे प्रश्नावल्या मिळतात, त्या भरायला मजा येते. पुढे त्यांचा उपयोग होताना मी तरी पाहिलेला नाही.

माझ्या सध्याच्या कादंबरीचं सांगतो. मी नागपूरचा, त्यामुळे गोष्टही इथलीच, साधारण 2007 सालची. मुख्य माणूस एम्प्रेस मिलमधून घरी बसलेला विणकर. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ही मिल. आता तिच्या आवारात मॉल आहे आणि तिथं फिरणाऱ्या पोरांना भोंगा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. माझ्या तक्त्यात या माणसापुढे होतं: तापट, बायकोचं न ऐकणारा, मित्रांत दिलदार. त्याप्रमाणे तो बरीच पानं ओरडत राहिला. ओरडण्यामागे मिल बंद पडल्याची कटुता होतीच, ती मराठी कथेतल्या प्रत्येक गिरणी कामगाराला फुकटात मिळते.

मग एका साध्या प्रसंगापाशी गाडी अडली. शेजारशेजारच्या मागांवर उभे असलेले दोन विणकर काय बोलतील? इथल्या महाल भागात सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर जुने मिलवाले अजून भेटतात, त्यातल्या एका काकांना विचारलं. त्यांनी तर्रीची प्लेट बाकावर ठेवली, आवाज न काढता नुसते ओठ हलवले, अंगठा तोंडाकडे नेऊन पाण्याची खूण केली आणि म्हणाले, "असं बोलो आमी. तिथं कोनाले आयकू येते?"

घरी येऊन या आवाजाबद्दल वाचलं. 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास, वर्षानुवर्षं काम केलं की कान जायला लागतात. धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे फेकणाऱ्या नळीच्या, मागांच्या खात्यात आवाज त्याच्या पुष्कळ वर, शंभराच्या आसपास असतो. आणि कान सरसकट जात नाही. आधी वरच्या पट्टीतलं, 4000 हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येईनासं होतं. म्हणजे बोलण्याचा आवाज येतो, पण स, श, फ असली अक्षरं गळतात आणि शब्द फुटत नाही. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं आधी निसटतं, पुरुषांचा जाड आवाज बराच काळ समजत राहतो.

आता तक्ता पुन्हा बघा. बायकोचं न ऐकणारा. मित्रांत दिलदार, कारण मित्र सगळे जाड आवाजाचे आणि ओठ वाचण्यात तयार. ओरडतो, कारण त्याला हळू बोलणं म्हणजे किती हळू याचा अंदाजच उरलेला नाही.

इथं पुष्कळ जण थांबतात, आणि इथं थांबू नये असं मला वाटतं. कारण इथवर हाती लागलं ते दुखणं. स्वभाव कळायचा तर त्या दुखण्याचं तो काय करतो हे बघावं लागतं, आणि त्यासाठी समोर दुसरं माणूस उभं करावं लागतं. मी त्याच्या जावयाला कानाचं मशीन घेऊन घरी पाठवलं. म्हाताऱ्यानं डबी उघडली, मशीन नीट पाहिलं, परत ठेवलं आणि जावयावर असा उखडला की चहा न घेताच तो निघून गेला. "मी काय बहिरा आहो का बे?" हे लिहिताना कळलं की घरात कोणी तापट म्हटलं तर त्याला चालतं, बहिरा म्हटलेलं चालत नाही. राग हा त्याचा आडोसा आहे, आणि तो त्यानं जाणूनबुजून बांधलाय.

बायकोपुढे तर मी ‘सोशिक’ लिहून मोकळा झालो होतो. ती ओट्याशी पाटवडी थापतेय, तो मागं पाटावर बसलाय, एवढाच प्रसंग होता. ती कढईकडे बघत म्हणते, "तुमच्या बहिनीनं माह्या पाटल्या नेल्या त्या नेल्याच. तवा तुमी तोंडातून शबूद काढला नाई." मागून तो खेकसतो, "काय म्हनली?" ती वळते, खिडकीच्या उजेडात येते आणि एकेक अक्षर सुटं करून सांगते, "चटनी वाढू का, म्हटलं."

त्याला ऐकू येत नाही हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्याला कळावं असं वाटतं तेव्हा ती उजेडात येते, आणि मन मोकळं करायचं असेल तेव्हा पाठ फिरवते. मुलांना तिनं हे कधी सांगितलं नाही. नवऱ्याची अब्रू राखायला, की स्वतःची ही हक्काची जागा राखायला? मी ठरवलेलं नाही. एकाच बाईत दोन्ही मावतं.

यानंतरचं काम मात्र किचकट आहे. असा शोध मधेच लागला की मागची पानं उघडावी लागतात. पहिल्या प्रकरणात लाइन जाते आणि अंधारात तो सगळ्यांवर ओरडतो, असं होतं. आता अंधारात तो एकदम गप्प होतो, कारण कोणाचे ओठ दिसत नाहीत, आणि सून म्हणते, "बाबा लाइन गेली की कसे शहाण्यासारखे वागतात." पुढचा एक प्रसंगही यातूनच मिळाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत ढोलताशांपुढे कोणालाच काही ऐकू येत नाही. तिथं रस्त्याच्या पलीकडे उभा असलेला जावई मित्राला काय सांगतोय, हे त्या गर्दीत फक्त हा वाचू शकतो.

पात्रं स्वतःच बोलायला लागली, लेखकाच्या हाताबाहेर गेली, असं लेखक मुलाखतींत सांगतात. ऐकायला छान वाटतं. माझ्या मते आपण एखादी ठोस गोष्ट कागदावर ठेवली की तिच्याशी न जुळणारी वाक्यं आपल्यालाच खटकायला लागतात, एवढंच त्यात असतं. रहस्यकथा लिहीत असाल तर हे सगळं बाजूला ठेवा. खुनी कोण आणि तो कसा वागतो, हे पहिल्या पानाआधीच माहीत हवं.

राहिला एकसारख्या बोलण्याचा प्रश्न. आपल्याकडे एकच माणूस घरी ‘मले’, बँकेच्या खिडकीशी ‘मला’ आणि इतवारीच्या बाजारात दुकानदाराशी हिंदीत बोलतो. तुमचं पात्र कोणासमोर बोली बदलतं आणि कोणासमोर मुद्दाम बदलत नाही, ते बघा. माझ्या कादंबरीत पुण्याहून आलेला मुलगा आईशीही ‘मला’ म्हणतो, आणि ती त्याच्याशी बोलताना आपली बोली आणखी ठसठशीत करते. त्यांचं भांडण मला वेगळं लिहावं लागलं नाही.

तुमच्या 40 पानांतला एखादा संवाद घ्या, बोलणाऱ्यांची नावं झाकून घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या. कोण बोलतंय हे त्यांना ओळखता आलं नाही, तर त्या पात्रांचे हात, डोळे, कान, कंबर यांतलं काय कामानं झिजलंय ते आधी शोधा आणि मग त्यांना ते लपवावं लागेल असा एक प्रसंग लिहा. कादंबरीत नाही घेतला तरी चालेल. जावयाच्या मशीनचा प्रसंग मी शेवटी काढूनच टाकला.