चवदार तळ्याचा धडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आठवीला महाडचा सत्याग्रह शिकवायला ३५ मिनिटांच्या दोन तासिका मिळतात. 'बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा लढा सुरू केला', एवढेच मुले लिहितात. त्यापुढे कसे जावे?

वाक्य चुकीचे नाही, पण त्यात एक दिवस आणि एक माणूस एवढेच आहे. लढा चौदा वर्षांचा आहे आणि मुलांना तो पसरलेला दिसला पाहिजे.

पहिल्या तासिकेसाठी प्रत्येक गटाला सहा कागदी पट्ट्या द्या. पट्ट्यांवर घटना लिहा, तारखा नकोत. सीताराम केशव बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला ठराव, की सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तळे खुले करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव. महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्यांनी तळ्यावर जाऊन पाणी पिणे. नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेणे. तळ्यावर जायला कोर्टाचा मनाई हुकूम आणि दुसरी परिषद. अस्पृश्यांच्या बाजूने हायकोर्टाचा निकाल. आता क्रम लावायला सांगा. दहा मिनिटे पुरतात.

मुले हमखास चुकतात ती एकाच जागी. नगरपालिकेचा ठराव ती पाणी पिण्याच्या पट्टीनंतर ठेवतात, कारण लढा आधी आणि हक्क नंतर असे त्यांनी गृहीत धरलेले असते. ती चूक लगेच दुरुस्त करू नका. तारखा फळ्यावर लिहा : ४ ऑगस्ट १९२३, जानेवारी १९२४, २० मार्च १९२७, ४ ऑगस्ट १९२७, डिसेंबर १९२७, १७ मार्च १९३७. मग विचारा, 'परवानगी १९२४ सालीच मिळाली होती, तर तीन वर्षे कोणी घागर का भरली नाही?' धड्याचा गाभा या प्रश्नात आहे, त्याला पंधरा मिनिटे द्या. फळ्यावर मधोमध तळे काढा, भोवती सवर्णांची घरे काढा, आणि घागर घेऊन एकट्या निघालेल्या बाईला कुठून जावे लागेल ते मुलांनाच दाखवू द्या. तिच्या घरची मजुरी कोणाच्या हातात होती, हेही विचारा. ठराव करणे आणि ठराव अमलात येणे यांतले अंतर मुलांना त्या चित्रात दिसते.

२० मार्चला पाणी पिऊन लोक परतल्यावर काय झाले, ते गाळू नका. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. नंतर पंचगव्याने तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. त्याच तळ्यावर गुरांना आणि इतर धर्मीयांना मज्जाव नव्हता, हे सांगितले की 'शुद्धी'चा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

दुसरी तासिका डिसेंबरसाठी ठेवा. हजारो लोक जमलेले आणि हातात कोर्टाचा मनाई हुकूम. मोडायचा की थांबायचे? प्रत्येकाकडून एक बाजू आणि दोन कारणे लिहून घ्या. त्यानंतरच सांगा, की अनेकांना हुकूम मोडायचा होता, पण चर्चेअंती सत्याग्रह तहकूब झाला, मिरवणूक तळ्याला वळसा घालून पाण्याला हात न लावता परतली आणि दावा कोर्टात लढवला गेला. २५ डिसेंबरचे मनुस्मृतीदहन याच परिषदेतले. त्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. सवर्णांतले नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि कार्यकर्ते अनंतराव चित्रे, तसेच परिषदेची जुळवाजुळव करणारे रामचंद्र बाबाजी मोरे ही नावेही घ्या. नाही तर 'एक जात विरुद्ध दुसरी जात' एवढेच मुले घरी घेऊन जातात.

शेवटची पाच मिनिटे संविधानाला. अनुच्छेद १५ (२) वाचून दाखवा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. 'तलाव' या शब्दाखाली मुलांना रेघ ओढायला लावा.

प्रश्न : वर्गात हा प्रसंग नाट्यरूपात करावा का? काही मुले 'अस्पृश्य' होतील, काही 'सवर्ण'.

नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. भूमिका वाटताना वर्गाची नजर आपोआप कोणाकडे वळते, ते बाईंना दिसो न दिसो, त्या मुलाला दिसते. शिवाय नाटकातला अपमान मधल्या सुट्टीत चिडवण्याचा शब्द होऊन बसतो. त्याऐवजी मुलांना निर्णय घेणाऱ्यांच्या जागी बसवा. नगरपालिका सभा भरवा आणि विचारा : ठराव झाला, आता तो अमलात यावा म्हणून पुढच्या आठवड्यात काय करायचे? दवंडी, फलक, पहारा, तक्रार कोणाकडे. आणखी एक, वर्गातल्या कोणत्याही मुलाला 'तुमच्या घरचे काय सांगतात?' असे सर्वांसमोर विचारू नका. त्याला आपणहून बोलायचे असेल तर त्याला वेळ द्या.

प्रश्न : गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्सवर मुलगी प्रकल्प करते आहे. 'दमलेल्या शिंपिणीने जागा सोडली नाही', एवढेच सगळीकडे मिळते.

तिला बसचा आराखडा काढू द्या. माँटगोमेरी शहरातल्या त्या बसमध्ये ३६ जागा होत्या आणि पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव. पार्क्स त्या दहांत बसल्याच नव्हत्या, त्या त्यांच्या लगेच मागच्या ओळीत होत्या. एक गोरा प्रवासी उभा होता, पण त्याच्या ओळीत काळा माणूस चालत नसल्याने चौघांना उठायला सांगण्यात आले. एका जागेसाठी चार माणसे! हे गणित चित्रात मांडले की नियमाचा हेतू कळतो.

'दमलेली' हा शब्द मात्र प्रकल्पातून काढाच. त्या ४२ वर्षांच्या होत्या आणि नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. त्याआधी नऊ महिने, मार्च १९५५ मध्ये, १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनने तिथेच जागा सोडायला नकार दिला होता. पार्क्सच्या अटकेनंतर तिथल्याच कार्यकर्त्या जो अॅन रॉबिन्सन यांनी बसवर बहिष्कार घाला, असे सांगणारी हजारो पत्रके रातोरात छापली. बहिष्कार ३८१ दिवस टिकला तो लोक पायी गेले आणि खासगी मोटारींची व्यवस्था नेटाने चालवली म्हणून. वेगळ्या बैठका घटनाबाह्य ठरवणारा खटला चार स्त्रियांच्या नावावर होता. त्यांत कोल्विन होती, पार्क्स नव्हत्या.

प्रश्न : मुलांना त्यांच्याच वयाच्या कोणाचे लिखाण द्यावे?

मुक्ता साळवे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, हेही लिहिते. पूर्ण निबंध एकदम देऊ नका, जुनी भाषा मुलांना अडवते. एक परिच्छेद निवडा, अवघड शब्दांचे अर्थ समासात लिहा आणि तो आधी तुम्ही सावकाश मोठ्याने वाचा. मग मुलांना दोनच गोष्टी शोधायला सांगा : मुक्ता कोणाला प्रश्न विचारते आहे, आणि तिने डोळ्यांनी पाहिलेले असे त्यात काय आहे.