स्केल आधी कानात, मग बोटांत

गिटारवर स्केलचे, म्हणजे स्वरांच्या क्रमाचे, पॅटर्न पाठ करायची घाई करू नकोस. पाच पोझिशन (दांडीवर हात ठेवायच्या जागा) तोंडपाठ असलेले बरेच जण साधी चाल वाजवायची वेळ आली की अडकतात, कारण बोटं सरावाच्या वाटेने धावतात आणि कान मागेच राहतो.

सुरुवातीला फक्त तिसरी तार घे (सर्वांत बारीक तारेपासून मोजून). ती मोकळी वाजव, हा तुझा सा. मग २, ४, ५, ७, ९, ११ आणि १२ या फ्रेटवर (दांडीवरच्या पडद्यांवर) जा. झाला जी मेजर, म्हणजे जी हा सा धरून शुद्ध स्वरांचं स्केल. शेजारची चौथी तार अधूनमधून मोकळी छेडत राहा. ती डी, म्हणजे पंचम, त्यामुळे तंबोऱ्यासारखा आधार मिळतो. (गिटार नीट ट्यून केलेली हवी, हे वेगळं सांगायला नको.)

आता महत्त्वाचं. प्रत्येक स्वर वाजवण्याआधी गुणगुण आणि मगच फ्रेट दाब. चुकलास तर तार सोड, पुन्हा गा. आवाज चांगला नसला तरी चालेल. मग ११ ऐवजी १० दाब: निषाद कोमल झाला, या स्केलचं नाव मिक्सोलिडियन. तो परत ११ वर नेऊन ५ चा ६ केलास की मध्यम तीव्र, म्हणजे लिडियन स्केल. एकेका फ्रेटने रंग किती पालटतो ते ऐक. नावं नंतर लक्षात राहतील.

चाली बांधायच्या असतील तर म आणि नी गाळ. उरतात भूप रागाचे पाच स्वर, म्हणजेच मेजर पेंटाटॉनिक. यात बेसूर व्हायला जागाच कमी. चार स्वरांचा तुकडा वाजव, थांब, त्याला उत्तर दे. वेग मात्र सध्या विसर.