मित्रामुळे सरासरी बिघडते

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना दम लागायचा म्हणून चालायला लागलो आणि चालता चालता धावायला लागलो. गेल्या वाढदिवसाला बायकोने धावण्याचं घड्याळ दिलं. पहिले चार महिने मजेत गेले. ५ किलोमीटरला ३८ मिनिटं लागायची, ती ३१ वर आली. पण हल्ली वेगळंच चाललंय. पूर्वी मी तळ्याच्या वळणावर दोन मिनिटं थांबून खंड्या दिसतो का ते बघायचो. आता थांबलं की सरासरी पडते, म्हणून थांबत नाही. रविवारी एक जुना मित्र सोबत असतो. तो सावकाश धावतो. गेल्या रविवारी मी त्याच्यावर चिडलो आणि का चिडलो ते त्याला धड सांगताही येईना. त्याच दिवशी तिसऱ्या किलोमीटरला घड्याळाची बॅटरी संपली. ‘मोजलंच जाणार नसेल तर धावायचं कशाला’ असं मनात आलं आणि मी खरोखर घरी वळलो. बायको म्हणते, ते घड्याळ मला परत दे. ऑफिसातले म्हणतात, घड्याळ काढलंस की महिन्याभरात पुन्हा सोफ्यावर येशील. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं बॅटरीचं वाक्य मी दोनदा वाचलं. पाय ठणठणीत, दम शाबूत, सोबतीला मित्र, आणि तुम्ही घरी वळलात. (मित्राचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाहीत. एकटाच पुढे गेला असणार बिचारा.)

मी तुम्हाला हसत नाहीये. हसायचा अधिकार मी काही वर्षांपूर्वीच घालवला. आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलेली बाई मी, आणि रोजच्या १०,००० पावलांची साखळी सांभाळत होते. सलग ४१२ दिवस. त्या सुमारास आई दवाखान्यात होती आणि रात्री तिच्याजवळ मी थांबायचे. एका रात्री तिचा डोळा लागला आणि मी मनगट पाहिलं. ११ वाजून ३५ मिनिटं, पावलं ८,९००. म्हणजे आणखी दहा-बारा मिनिटांचं चालणं. आवाज नको म्हणून चपला काढल्या आणि कॉरिडॉरमध्ये अनवाणी फेऱ्या मारायला लागले. तिसऱ्या फेरीला रात्रपाळीच्या सिस्टरने विचारलं, “काही हवंय का? डॉक्टरांना बोलवू?” मी म्हटलं, “नाही हो, झोप येत नाही म्हणून.” साफ खोटं. उभ्या उभ्या पेंगत होते मी. बारा वाजायच्या आत पावलं भरली, घड्याळ थरथरलं, पडद्यावर चिमुकली आतषबाजी झाली. खोलीत परतले तर आई जागी होती, पाणी मागत होती. किती वेळ हाका मारत होती कोण जाणे. साखळी दुसऱ्याच दिवशी तोडली. त्यात शहाणपण काही नव्हतं, लाज वाटली म्हणून तोडली.

तेव्हा तुम्हाला जे होतंय ते वेड नाही आणि तुमचा स्वभावदोषही नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या जॉर्डन एटकिन यांनी २०१६ मध्ये याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. रंगकाम, चालणं, वाचन अशा लोकांना मुळातच आवडणाऱ्या गोष्टी त्यांनी घेतल्या आणि काहींना आपण किती केलं याचा आकडा समोर दिला. आकडा दिसणाऱ्यांनी जास्त केलं, पण त्यांना मजा कमी आली. लक्ष ‘किती झालं’ याकडे गेलं की आवडीची गोष्ट कामासारखी वाटू लागते, आणि मग ती पुढे चालू ठेवायची इच्छाही ओसरते. तुमचं घरी वळणं ते हेच.

पण तेवढ्यावरून घड्याळ फेकून द्या म्हणणाऱ्यांतली मी नाही. तुमच्या ऑफिसातले लोक अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. २००७ मध्ये पाऊलमापकांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता. पाऊलमापक लावणारी माणसं रोज सुमारे अडीच हजार पावलं जास्त चालली, आणि ज्यांच्यासमोर ठरावीक लक्ष्य होतं त्यांना त्याचा फायदा झाला. उठवून घराबाहेर काढायचं काम आकडा चोख करतो. तुम्हालाही पहिले चार महिने त्यानेच ओढत नेलं.

मग बिनसलं कुठे? माझ्या मते तुमच्या प्रगतीतच. ३८ वरून ३१ मिनिटं म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ दीड मिनिट कमी. नवख्या शरीराला असा वेग पटापट सापडतो, कारण हृदय, स्नायू आणि श्वास यांना सुधारायला भरपूर वाव असतो. तेवढे दिवस रोज सकाळी घड्याळ शाबासकी देतं. पुढे वाव कमी होतो, सुधारणा आठवड्यांऐवजी महिन्यांच्या हिशेबाने येते. घड्याळ मात्र रोजच निकाल लावत राहतं. त्याला तुमचा वेग कळतो. समोरून येणारा वारा, ऊन, अपुरी झोप यांतलं काहीच त्या सरासरीत दिसत नाही. रोज परीक्षा आणि रोज जेमतेम पास म्हटल्यावर माणूस चिडणारच, आणि जो हाताशी असेल त्याच्यावर चिडणार.

माझी फूटपट्टी साधी आहे. जे अंगाला आपोआप कळतं ते घड्याळाला विचारायचं नाही, आणि जिथे अंग आपल्याला फसवतं तिथे जरूर विचारायचं. आज थकवा आहे का, हे पायांना कळतं. पण ‘मी निवांत धावतोय’ असं ज्याला वाटतं तो बहुतेक वेळा निवांत धावत नसतो. नवे धावपटू सोप्या दिवशी हटकून जोरात धावतात आणि कठीण दिवसासाठी पायांत काही उरत नाही. तिथे नाडीचा आकडा कामाचा, नाहीतर त्याहून स्वस्त उपाय म्हणजे बोलणं. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर धाव सोपी, दोन-दोन शब्दांवर यायला लागलात तर नाही. आता सांगा, पूर्ण वाक्य बोलायला सोबत कोण हवं? ज्याच्यामुळे सरासरी बिघडते तोच. मित्राचा वेग हा तुमच्या सोप्या दिवसाचा वेग आहे, आणि तो तुम्हाला फुकट मिळतोय.

म्हणून रविवारी घड्याळ घरी. वाटल्यास मित्राला आधी फोन करून सांगा की घड्याळ आणणार नाही. तो का विचारेल, तेव्हा खरं कारण सांगून टाका. जुना मित्र आहे, त्याला बहुतेक आधीच कळलंय.

बाकीच्या दिवशी घड्याळ बांधा, पण तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून, आणि किलोमीटरला वाजणारी ती घंटी बंद करून. घरी आलात की बूट सोडायच्या आधी अंदाज करा, किती वेळ लागला, किती जोर लागला. वहीत लिहा आणि मग घड्याळ पाहा. जोर मोजायलाही एक रीत आहे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी ६ ते २० अशी मोजपट्टी केली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, १३ म्हणजे जरा जड जातंय, २० म्हणजे जीव तोडून. सुरुवात ६ पासून का, असा प्रश्न माझ्या शिकवणीतल्या प्रत्येकाला पडतो. या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी प्रौढाची नाडी ढोबळमानाने मिळावी, म्हणून. आमच्या सकाळच्या गटात मी हा खेळ बऱ्याच जणांना लावला. पहिल्या आठवड्यात अंदाज पाच-पाच मिनिटांनी चुकतात. दोनेक महिन्यांत बहुतेकांचे मिनिटभराच्या आत येतात. आणि मग गंमत होते, मंडळी घड्याळ पाहायलाच विसरतात.

तळ्याच्या वळणावर थांबा. पुन्हा धावायला लागलात की पुढच्या झाडापर्यंत सुसाट जा, मग हळू, मग मनात येईल तिथून पुन्हा जोरात. ही माझी लाडीगोडी नाही. १९३० च्या दशकात स्वीडनचे प्रशिक्षक योस्टा होल्मेर यांनी देशाच्या धावपटूंसाठी बसवलेली ही पद्धत आहे. तिचं नाव फार्टलेक, म्हणजे ‘वेगाचा खेळ’. तिने दमही वाढतो आणि वेगही.

एक भर घालते, नाहीतर आकडेप्रेमी माझ्यावर रुसतील. काहींना आकड्यातच आनंद असतो. माझा धाकटा भाऊ सायकल चालवतो आणि रात्री त्याचे आलेख मांडून बसतो. एखाद्या दिवशी नोंद राहिली तर ‘अरेच्चा’ म्हणतो आणि जेवायला येतो. त्याचं घड्याळ काढून घ्यायचं मला काहीच कारण दिसत नाही. तुम्ही घरी वळलात. फरक तिथे आहे.

आणि घड्याळ बायकोला परत देऊ नका. तिने प्रेमाने दिलंय. रविवारी सकाळी सांभाळायला द्या.

प्रश्न : माझं वय ६७. मुलाने मनगटाचा पट्टा आणून दिला. ६,००० पावलांच्या पुढे उजवा गुडघा कुरकुरायला लागतो, पण १०,००० झाली नाहीत तर दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. मुलगाही संध्याकाळी विचारतो, “आई, किती झाली?”

उत्तर : हा १०,००० चा आकडा कुठून आला ते मुलाला सांगा. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये एक पाऊलमापक विक्रीला आला. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा आकडा. कोणा डॉक्टरने गुडघे तपासून काढलेला नव्हे.

पुढे खरंच तपासलं गेलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ ज्येष्ठ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं. ७,५०० च्या आसपासपर्यंत ते आणखी कमी होत गेलं आणि पुढे सपाट झालं. तुमची ६,००० पावलं या हिशेबात भरघोस आहेत. पट्ट्यातलं लक्ष्य बदलता येतं. मुलाने आणलाय, त्यालाच ६,००० करायला लावा. गुडघा मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवा, कुरकुर चालून जिरवायची नसते. डॉक्टरांनी हृदयासाठी नाडीची मर्यादा घालून दिली असेल तर तो आकडा औषधासारखा पाळायचा, त्यात माझा सल्ला चालवायचा नाही.

आणि मुलाला म्हणावं, “किती झाली” ऐवजी कधीतरी “मीही येतो” म्हण.

प्रश्न : ट्रेडमिल ३१० कॅलरी सांगतं, घड्याळ ४६० सांगतं. खरं कोण?

उत्तर : दोघांवरही भरवसा नको. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडी बहुतेकांनी ठीक मोजली. खर्च झालेल्या ऊर्जेत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्या आकड्यावर विसंबून जेवणाचं ताट ठरवू नका.

प्रश्न : मी ३४ वर्षांची. अगदी रमतगमत धावते, गप्पाही मारते, तरी घड्याळ नाडी १७२ दाखवतं. घाबरून थांबते. काही गंभीर असेल का?

उत्तर : धावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आज डॉक्टरांकडे जा, बाकीचं नंतर वाचा. तसं काही नसेल तर एक करून पाहा. धावता धावता थांबा, दोन बोटं मानेवर कंठाच्या बाजूला हलकेच ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. आमच्या गटातल्या एका मुलीचंही घड्याळ १७२ च दाखवत होतं. मानेवर ३३ ठोके लागले, म्हणजे १३२. मग तिची पावलं मोजली, ती मिनिटाला १७० च्या वर. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर परतणारा प्रकाश कसा बदलतो ते मोजतं. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाला घड्याळ हिंदकळतं आणि ते हिंदकळणंच नाडी म्हणून नोंदलं जातं. पट्टा एक भोक घट्ट करा आणि घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा.